मालदाची भाभी आणि झेरॉक्सचा खर्च

रविवार, रात्री

पश्चिम बंगालमधल्या मालदाची भाभी हल्ली बसमध्ये फोन उचलत नाही. गावाहून आईचा फोन आला की कट करते आणि उतरल्यावर एखाद्या बिल्डिंगच्या मागे जाऊन परत लावते. बंगाली ऐकलं की लोक वळून बघतात, म्हणते. २०२५च्या जूनमध्ये मीरा रोडवरून पश्चिम बंगालचे काही मजूर उचलून थेट सीमेपलीकडे बांगलादेशात धाडले होते. बंगाल सरकारनं कागद दाखवल्यावर ते परत आले. नवी मुंबईतल्या दिघ्यात, तिच्या गल्लीत ही हकिगत पोराटोरांनाही पाठ आहे. नवरा सेंटरिंगच्या कामावर जातो. त्याला यायला उशीर झाला की ही दारातच उभी.

आमच्या मंडळीतल्या आम्ही दोघी-तिघी तिकडे जातो. चर्चमध्ये याला ‘सेवा’ म्हणतात. प्रत्यक्षात आम्ही कागद लावत बसतो. भाभीच्या शाळेच्या दाखल्यावर ‘खातून’ आहे, लग्नानंतरच्या आधारवर ‘बीबी’. तिकडच्या मुसलमान बायकांत हे सर्रास चालतं, पण इथल्या सरकारी टेबलावर त्या दोन वेगळ्या बायका होतात. शिवाय तिचा जन्म १९८९चा. १ जुलै १९८७च्या आधी भारतात जन्मली असती तर जन्मावरच भागलं असतं. त्यानंतरच्यांना आई किंवा बाप भारतीय होता हेही दाखवावं लागतं. म्हणजे बापाची जमिनीची कागदपत्रं, मतदार यादीतलं नाव, सगळं गावाहून मागवा. नुसत्या आधारवर कुणी भारताचा नागरिक ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानंही २०२५च्या ऑगस्टमध्ये सांगितलं. ते प्रकरण ठाण्याचंच होतं. आणि परकीय नाही हे सिद्ध करायचं ओझं कायद्यानं त्या माणसावरच टाकलंय. कुणी बोट दाखवलं की धावपळ हिची.

एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय: अटक झाली तर कारण सांगावं लागतं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं, फुकट वकिलासाठी १५१०० लावायचा. गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलीनं ते बंगालीत उतरवलं. या पुठ्ठ्यानं किती निभावेल, देव जाणे. पण ‘देव बघून घेईल’ एवढंच सांगून उठून यायचं माझ्या जिवावर येतं.

प्रार्थना? ती आम्ही आमच्या घरी करतो. तिच्या खोलीत मोठ्यानं नाही, पत्रकं तर मुळीच नाहीत. पाळकसाहेबांना हे पटलंय, काही जणांना नाही. ‘मग आपण वेगळे काय?’ असं विचारतात. माझं म्हणणं एवढंच की तिच्या दारावर आधीच एक संशय बसलाय. उद्या कुणी धर्मांतराची ओरड केली तर आम्ही ऐरोलीला घरी येऊन झोपू, घरमालक खोली तिची खाली करून घेईल. ती स्वतः ‘आंटी, दुआ करो’ म्हणाली तर तिथेच दोन वाक्यांत करते.

आज उपासनेनंतर एका वडीलधाऱ्या काकांनी १३२१ सालच काढलं. चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठाण्यात मारले गेले होते, काझीपुढच्या वादानंतर. ‘त्यांच्याच लोकांसाठी तुम्ही धावता,’ म्हणाले. सातशे वर्षांचा हिशेब सेंटरिंगवाल्याच्या बायकोकडून वसूल करायचा का, असं तोंडावर आलं होतं, पण वय बघून गिळलं. ती गोष्ट मला वेगळ्याच कारणानं आठवते. ते चौघे इथल्या एका ख्रिस्ती घरी उतरले होते. त्यांतले तिघे त्या घरातल्या नवरा-बायकोच्या भांडणात साक्ष द्यायला म्हणून काझीकडे गेले आणि बोलता बोलता प्रकरण धर्मावर घसरलं. वस्तीतही अगदी असंच होतं. सुरुवात नळावरच्या भांडणानं होते आणि शेवटी कुणीतरी ‘बांगलादेशी’ म्हणतं.

पाळकसाहेब उपदेशात म्हणतात, आपणही परके होतो हे विसरू नका. खरंय. १९७२च्या दुष्काळात माझे वडील जालन्याहून कळव्यात आले, झोपडीत राहिले. पण आमच्याकडे कुणी कागद मागितला नाही. मराठी बोलत होतो, तेवढ्यावर निभावलं. म्हणून ‘आम्हीपण असेच आलो’ हे वाक्य भाभीपुढे माझ्या तोंडून निघत नाही.

आता तिनं विचारलंय की कागदांचा एक संच माझ्या कपाटात ठेवशील का. हो म्हटलं. आमच्या ह्यांनी भुवया उंचावल्या. ‘उद्या गल्ली येईल’ म्हणाले. येईल. पुढच्या बैठकीत महिला मंडळापुढे झेरॉक्सचा आणि पोस्टाचा खर्च मांडणार आहे. नाताळच्या डेकोरेशनमधून काही रक्कम वळवा म्हणणार. काका भांडतील, सजावटवाल्या मुलीही भांडतील. भांडू देत, मी आकडे घेऊनच जाणार.