गेट फुकट केलं, तेव्हा कुठे गल्ला भरला

गेममधल्या माझ्या पार्कचं नाव ठेवलंय 'माहीमची जत्रा', आणि दोन आठवडे गेटवर 10 पाउंड घेत बसलो होतो! जत्रेत शिरायचे पैसे कोणी मागतं का? खिसा उघडतो तो पाळण्यापाशी.

1999च्या पहिल्या रोलरकोस्टर टायकूनचा, म्हणजे मनोरंजन पार्क चालवायच्या कॉम्प्युटर गेमचा नकाशा आहे, ओपनआरसीटी2 या चाहत्यांनी बनवलेल्या आवृत्तीवर खेळतोय. गेट आणि राइड, दोन्हीकडे पैसे लावता येतात, म्हणून हाव सुटते. पण गेम राइडचं एक मोल काढतो आणि पाहुणा त्याच्या दुपटीपर्यंतच देतो. गेटवर पैसे मोजून आलेल्यासाठी तेच मोल पाव होतं. म्हणजे 8 पाउंड मोलाच्या लाकडी कोस्टरला फुकट आलेला माणूस 16 देईल, गेटवर तिकीट काढून आलेला 4च्या वर एक पै नाही.

शनिवारी रात्री गेट शून्य केलं आणि लगेच कोस्टर 14वर नेला. रांग साफ! डोकं खाजवत बसलो. मग ट्यूब पेटली: आधीच आत असलेल्यांवर 'पैसे भरलेत' हा शिक्का कायम असतो, ते बाहेर पडेपर्यंत. दर पुन्हा 4वर आणला, जुनी गर्दी ओसरू दिली, मग हळूहळू चढवला. आता 14ला रांग वळसा घालून उभी आहे.

पाहुण्यांच्या मनातले विचार वाचत जा. 'स्वस्तात मस्त' छापाचं कौतुक दिसलं की मी हुरळायचो. अहो, ते कौतुक दर मोलाच्या निम्मा किंवा खाली असला तरच येतं. म्हणजे नुकसान आपलंच.

नवी राइड पहिले 5 महिने दीडपट मोलाची असते, तेवढ्यात कमवून घ्या. गेमचं वर्ष मार्च ते ऑक्टोबर, आठच महिन्यांचं, हे मी दरवेळी विसरतो. एकाच प्रकारची दुसरी राइड बांधली की मोल पाव भागाने पडतं, त्यामुळे दुसरा मेरी-गो-राउंड काल पाडला.

आणि छत्री! पाऊस लागला की पाहुणा भाव बघतच नाही, खिशात असले तर 20 पाउंडही देतो. दादर स्टेशनबाहेरचे छत्रीवाले एवढे निर्दय नसतात. मी 20च लावलेत. आता संडासाला किती लावावेत, यावर घरात वाद चालू आहे.