पिल्सनची जत्रा आणि परत पाठवलेला एक प्रस्ताव

मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहून आलं की सगळे एकच विचारतात, काय काय पाहिलं? नायगारा पाहिला. शिकागोचा तो चकचकीत स्टीलचा घेवड्याचा दाणा पाहिला, त्यात आपण सगळे बुटके दिसतो. नदीतली बोट झाली. १०३ व्या मजल्यावर काचेच्या फळीवर उभं राहून खाली न बघणंही झालं. तीन-चार शनिवार-रविवारांत हे उरकलं, फोटो घरच्या ग्रुपवर आहेत, ज्यांना हवे त्यांनी तिथे बघावेत.

मला लिहायचंय ते एका रविवारबद्दल, आणि त्यातही एका टेबलाबद्दल.

मुलगा राहतो नेपरव्हिलला. शिकागोच्या पश्चिमेचं उपनगर, मोठी घरं, आखलेली हिरवळ, आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. दिसलीच तर गवत कापणारी माणसं. त्यांतला एक वयस्कर गृहस्थ मला रोज काहीतरी म्हणायचा आणि मी हात जोडायचे. नात म्हणाली, "आजी, तो तुझ्याशी स्पॅनिश बोलतोय. त्याला वाटतंय तू मेक्सिकन आहेस." मला गंमत वाटली. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला इथलं समजलं होतं. बाकी दुकानात तोंड उघडलं की समोरचा कान पुढे करून "पार्डन?" म्हणणार, आणि मी आणखी हळू आवाजात आणखी चुकणार.

नात शाळेत स्पॅनिश शिकते. तिनेच काढलं की जुलैच्या अखेरीस शिकागोतल्या पिल्सन या मेक्सिकन वस्तीत "फिएस्ता देल सोल" नावाची जत्रा असते, चार दिवस, जाऊ या. मुलाचा चेहरा उतरला. तिकडे कशाला, गर्दी असते, पार्किंग मिळत नाही, तो भाग तसा... "तसा" म्हणजे कसा, ते काही त्याने सांगितलं नाही. पुण्यात आम्ही कुठल्या पेठेत, कुठल्या वाड्यात दोन खोल्यांत दिवस काढले ते हा विसरला. म्हटलं, तू राहा घरी. आम्ही आगगाडीने जाऊ.

तर मेट्रा या उपनगरी गाडीच्या डब्यात वरच्या माडीवर बसून आम्ही शिकागोच्या युनियन स्टेशनला उतरलो, तिथून चालत क्लिंटन स्टेशन, तिथून पिंक लाइन या शहरी रेल्वेने अठरावा रस्ता. स्टेशनाच्या जिन्यातच भिंती रंगवलेल्या होत्या, इतक्या भडक आणि इतक्या आनंदाने, की मी कठडा सोडून उभी राहिले आणि मागच्या बाईचा धक्का खाल्ला. पिल्सन हे नाव चेक लोकांचं, त्यांच्या प्लझेन शहरावरून दिलेलं. १९६०च्या आसपास शहराने जवळच्याच वस्तीतली घरं पाडून तिथे विद्यापीठ उभारायला घेतलं. ते १९६५ साली सुरू झालं, आणि तिथून उठवलेली पुष्कळ मेक्सिकन कुटुंबं दक्षिणेला सरकून इथे आली. जत्रा भरते त्या रस्त्याचं नाव सर्माक रोड, तेही शिकागोच्या एका चेक महापौराचं. १९३३ साली मायामीत भावी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टशेजारी असताना त्याला गोळी लागली आणि त्यात तो गेला. चेक गावाच्या वस्तीत चेक माणसाच्या रस्त्यावर मेक्सिकोची जत्रा. आता म्हणे भाडी अशी वाढलीत की मेक्सिकन लोकच इथून उठून चाललेत. कोपऱ्यावरच्या नव्या कॅफेतल्या कॉफीची किंमत बघून त्यावर माझा विश्वास बसला.

ऊन मात्र आपल्या वैशाखासारखं. रस्ताभर तंबू, पाळणे, आणि एक प्रचंड पितळी वाद्य वाजवणारा बँड, त्याचा आवाज कानात नाही, पोटात जातो. गणपतीत आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात तेव्हा मी मंडळाच्या पोरांना शिव्या घालते. इथे मी त्याच आवाजात उभी राहून पाय हलवत होते. परक्याच्या लग्नात आपण जास्त नाचतो त्यातला प्रकार.

कणसाच्या गाडीपाशी रांग होती. विक्रेती माझ्याच वयाची, एप्रनवर लिंबाचे डाग. तिने मला काहीतरी विचारलं, त्यातलं "चिले" तेवढं कळलं. मिरची हवी का? मी आपली मान हलवली, आपण हलवतो तशी, डावीकडे-उजवीकडे, म्हणजे "हो, टाका की". ती चमचा हातात धरून थांबली. हो का नाही? मी पुन्हा हलवली, जास्त जोरात. रांगेतली पोरं हसायला लागली. शेवटी मी मराठीत म्हटलं, "अहो, टाका भरपूर!" आणि तिने टाकली. भरपूर. आता कणसाला मेयोनीज फासून वर किसलेलं चीज घालतात हे मला मान्य नाही, आणि लिंबू-मीठ-तिखट एवढं असताना त्याची गरजही नाही, पण ते तिला कोणत्या भाषेत सांगणार? खाल्लं. संपवलं. नाकातून पाणी आलं.

पैसे द्यायला पर्स उघडली तर ती हाताने पलीकडचं टेबल दाखवत म्हणाली, "पारा पागार, आया."

मी जागच्या जागी थांबले. पगार?

मी एकतीस वर्षं एका जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात नोकरी केली. त्यातली बहुतेक वर्षं पगारबिलांच्या टेबलावर. शिक्षकांचे पगार, फरक, कपाती, रजा बिनपगारी. हा शब्द मी आयुष्यात आईच्या नावाहून जास्त वेळा लिहिला असेल. नात म्हणाली, "पे करायला तिकडे जायचं, आजी." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. साबण, चावी, बटाटा यांच्यासारखा पगारही आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला, आणि स्पॅनिश ही त्यांच्या भाषेची सख्खी बहीण. फक्त तिच्याकडे "पागार" म्हणजे पैसे देणं, आणि आपण त्याचं घेणं करून टाकलं. एकतीस वर्षं घेतला, आता सर्माक रोडवर दिला. कणसाची किंमत सांगत नाही, रुपयांत हिशेब केला आणि पुन्हा कधी करायचा नाही असं ठरवलं.

त्यावर उतारा म्हणून लाल सरबत घेतलं. "हामाइका" म्हणतात. पहिल्याच घोटाला जीभ म्हणाली, हे तर ओळखीचं आहे. अंबाडीची बोंडं! लाल अंबाडीची बोंडं सुकवून, उकळून, साखर घालून. आमच्या आजोळी त्याची चटणी व्हायची. नंतर केळीच्या नाही, मक्याच्या पानात गुंडाळलेला तामाल खाल्ला, मऊ, आत मिरचीच्या पट्ट्या आणि चीज. अर्धा पोटात गेल्यावर नात सावकाश म्हणाली की पिठात बहुतेक वेळा डुकराची चरबी घालतात. आम्ही मासे खाणारी माणसं, पण म्हणून काय हे! उरलेला अर्धा हातात धरून क्षणभर विचार केला. श्रावण लागायला अवकाश होता. खाल्ला.

एक तक्रार नोंदवतेच. एवढी मोठी जत्रा, आणि म्हाताऱ्या माणसाने टेकायचं कुठे? प्लास्टिकच्या त्या उभ्या संडासांबद्दल तर काही लिहीतच नाही. पाय दुखायला लागले तशी मी नातीला घेऊन गर्दीतून बाहेर, ॲशलँडच्या दिशेने आले आणि एका मोठ्या इमारतीच्या सावलीत कठड्यावर बसले. दारू कुठे दिसली नव्हती, भांडण नव्हतं, पोरंबाळं कडेवर होती. सहज विचारलं, "ही जत्रा कोणत्या देवाची गं?"

"देवाची नाही, आजी. शाळेची."

"शाळेची जत्रा?"

"या शाळेची," ती म्हणाली, आणि आम्ही टेकलो होतो त्या भिंतीवर थाप मारली.

बेनितो हुआरेझ यांच्या नावाचं हायस्कूल. फोनवर बघत, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी करत तिने सांगितलं ते असं. पिल्सनमध्ये मुलं भरपूर, पण वस्तीचं स्वतःचं हायस्कूल नव्हतं. पोरं बाहेरच्या शाळांत जायची आणि बरीचशी मधेच सोडायची. आईबाप, त्यात आया पुढे, शिक्षण मंडळाच्या मागे लागले. मोर्चे, बैठका, पुन्हा मोर्चे. १९७२ साली शाळा मिळणार असं दिसल्यावर लोकांनी रस्त्यावर जेवण-गाणं केलं, तीच ही जत्रा, तेव्हापासूनची. शाळा प्रत्यक्ष उघडली १९७७ साली. नाव दिलं हुआरेझचं. वाहाका प्रांतातल्या डोंगराळ खेड्यातला झापोतेक पोरगा, तिसऱ्या वर्षी आईबाप गेलेले, बारा वर्षांचा होईपर्यंत स्पॅनिश येत नव्हतं, आणि पुढे मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष. जत्रेत जो पैसा सुटतो त्यातून अजून मुलांना शिष्यवृत्त्या देतात.

आपल्याकडेही १८९३ साली सार्वजनिक उत्सव काही कारणानेच सुरू झाला होता. पण ते जाऊ दे, त्या विषयावर मी बोलायला लागले की घरचे उठून जातात.

परतताना मी मुद्दाम तंबूंच्या त्या ओळीतून चालले जिथे खायला काही नव्हतं. रक्तदाब तपासणं, कॉलेजांची पत्रकं, कागदपत्रांची मदत. तिथल्या एका टेबलावर एक बाई उभी होती, तिशी-पस्तिशीची, सोबत दहा-बारा वर्षांची मुलगी. बाईच्या हातात प्लास्टिकची पिशवी. मला आत न बघताच कळलं त्यात काय आहे. सगळे कागद, त्यांच्या झेरॉक्स, झेरॉक्सच्या झेरॉक्स, आणि एक असा कागद जो कुणी मागितलेला नाही पण असू दे म्हणून. माझ्या टेबलासमोर एकतीस वर्षं हीच पिशवी यायची.

टेबलामागची मुलगी कॉलेजातली असावी. तिने एकेक कागद काढला, पालथा घातला, फॉर्मवर खूण केली. एका ठिकाणी थांबली. काहीतरी कमी होतं. मला तिचा चेहरा ओळखता आला, कारण तो चेहरा मी करायचे. आता ती पिशवी परत देणार, आणि बाई "बरं" म्हणून निघून जाणार.

मुलीने उठून दुसरी खुर्ची ओढली. बाईला बसवलं. कोरा कागद घेऊन, तो राहिलेला दाखला कुठे मिळेल, तिथे काय बोलायचं, ते लिहायला लागली. लेकीने वाकून वाचलं आणि आईला सांगितलं. पाच मिनिटं गेली असतील, दहा. मागे रांग होती. कुणी ओरडलं नाही. मी तिथेच उभी, हातात मक्याची रिकामी पानं.

मधली दोन वर्षं मी पगाराच्या टेबलावर नव्हते, शाळांच्या प्रस्तावांच्या टेबलावर होते. डोंगरातल्या एका वाडीतून प्रस्ताव आला होता, सातवीपर्यंतच्या शाळेला आठवीचा वर्ग जोडून मिळावा म्हणून. पुढची शाळा घाट उतरून. चार माणसं आणि एक म्हातारी बाई स्वतः घेऊन आली होती, एसटीच्या दोन गाड्या बदलून. ग्रामसभेचा ठराव जोडला होता, पण त्यावर सही एकच होती, दुसरी राहिली होती. मी शेरा मारला, "त्रुटीपूर्ततेसाठी परत". नियमाप्रमाणे बरोबर होतं. आजही कुणी तपासलं तर बरोबरच निघेल. म्हातारीने विचारलं, बाई, इथेच काही होणार नाही का? मी म्हटलं, नाही. तेव्हा दुपारचे साडेचार झाले होते आणि माझी साडेपाचची गाडी होती.

खुर्ची माझ्याकडेही होती. समोरच. तिच्यावर मी फायली ठेवायचे.

संध्याकाळच्या गाडीत वरच्या माडीवर बसल्यावर हे मी नातीला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, मुलाला कधी सांगितलेलं नाही. ती ऐकत होती, कानातले ते इअरफोन तिने काढून ठेवले होते.

"मग त्यांना आठवी मिळाली का?"

"मिळाली. प्रस्ताव पुन्हा आला, तोवर मंजुरीचं वर्ष उलटलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी मिळाली."

"म्हणजे दोन वर्षं. त्या दोन वर्षांत किती मुलं होती?"

"नऊ," मी म्हटलं. "यादी जोडलेली होती. पाच मुली."