पुण्यात भाजी थेट शेतकऱ्याकडून घ्यायची असेल तर

पुण्यात भाजी कुठेही मिळते. ती पिकवणारा माणूस मात्र ठरावीक जागी आणि ठरावीक वेळेलाच भेटतो. या श्रावणात आत्याला सोबत घेऊन मी शहरातले आणि शहराबाहेरचे बाजार पालथे घातले. आत्याचं अर्धं आयुष्य खेड तालुक्यात शेतात गेलंय. तिने जुडी हातात घेतली की ती सकाळी काढलेली की काल संध्याकाळची, हे ती लगेच सांगते. पुढच्या बऱ्याच गोष्टी तिच्याकडूनच कळल्या.

सुरुवात गुलटेकडीच्या मार्केट यार्डापासून केली. फळं-भाजीपाल्याचा विभाग शनिवारी बंद असतो, त्यामुळे रविवारी आवक सर्वांत जास्त. उजाडायच्या आत पोहोचलात तर खरा बाजार दिसेल. इथला भाव दहा किलोंचा बोलतात आणि पालेभाज्यांचा शेकडा जुडीचा, हे आधीच डोक्यात ठेवा, नाहीतर आकडा ऐकून दचकायला होतं. गाळ्यावर उभे असतात ते आडते, म्हणजे शेतकऱ्याच्या वतीने माल विकून देणारे दलाल. शेतकरी बहुतेक वेळा माल टेम्पोने पाठवून देतो आणि त्याच्या हातात नंतर पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, पडते. शिवाय सगळा माल जवळपासचा असतो असंही नाही. कोबी कर्नाटकातून येतो, शेवगा तमिळनाडूतून, लसूण मध्य प्रदेशातून. सातारी आलं आणि या दिवसांतला पुरंदर, वाई, पारनेरकडचा मटार हे आपल्या भागातले.

मग यार्डात जावं कशासाठी? कांदा, बटाटा, लसूण यांसाठी नक्की जावं. चार घरांनी मिळून गोणी घेतली तर फार परवडते. कांदा साठवायचा असेल तर गरवा (उशिरा तयार होणारा) मागा, हळवा (लवकर तयार होणारा) टिकत नाही. पावसाळ्यात पायाखाली चिखल आणि सडका पाला असतो, तेव्हा बंद बूट घाला. हमालांच्या वाटेत थांबू नका. पाठीवर ओझं घेऊन धावणाऱ्या माणसाला वळसा घालायला लावणं बरं नव्हे. लहान मुलांना नेऊ नका आणि गाडी आत घालू नका. स्वारगेट मेट्रोला उतरून रिक्षा केलेली सर्वांत सोयीची.

तिथून मंडई. आता मंडईचंच भुयारी मेट्रो स्टेशन झाल्यामुळे पार्किंगचा प्रश्न मिटला आहे. अष्टकोनी मनोरा असलेली ही इमारत १८८६ साली रे मार्केट या नावाने सुरू झाली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भरायचा. महात्मा फुले तेव्हाच्या नगरपालिकेचे सभासद होते आणि मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालायला त्यांचा विरोध होता, तो शिक्षणावर खर्च व्हावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे याच मंडईला त्यांचं नाव दिलं गेलं.

आतल्या गाळ्यांवर व्यापारी आहेत, माल देखणा आणि निवडलेला. आम्ही मात्र जास्त वेळ बाहेर घालवला, कारण श्रावणात बाहेरच्या बाजूला मावळ-मुळशीकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. करटोली, टाकळा, कुर्डू, चिवळ, भारंगी, एखादीकडे अळूच्या शेजारी आंबुशीची लहानशी जुडी. त्यांच्यासमोर उकिडवं बसून बोलायला वेळ काढा. एका मावशींनी भारंगीची पानं आधी उकळून पाणी टाकून द्यायला सांगितलं, कडवटपणा त्यातच जातो. टाकळा कोवळाच घ्यायचा, जून झाला की चोथा लागतो. करटोली हिरवी आणि घट्ट बघून घ्या, पिवळट पडलेल्यांत बिया कडक झालेल्या असतात. माझा एक नियम आहे: विकणारीला भाजीचं नाव आणि रीत दोन्ही सांगता आलं तरच रानभाजी घ्यायची, आणि अनोळखी भाजी पहिल्या वेळी थोडीच करायची. या बायका लवकर येतात आणि लवकर उठतात. दहाच्या पुढे गेलात तर टोपल्या बहुधा रिकाम्या दिसतील. आणि पहाटे डोंगरउतारावर ओलं होऊन जमवलेल्या वाट्याला कुणी दहा रुपये कमी करायला लावलं की मला मनापासून वाईट वाटतं. तिथे घासाघीस करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता शहरातले शेतकरी आठवडे बाजार. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, म्हणजे तो यार्डातच विकायचं बंधन काढलं, आणि शेतकऱ्याला शहरात थेट विकायची वाट सोपी झाली. राज्याच्या कृषी पणन मंडळाने संत सावता माळींच्या नावाने आठवडे बाजारांचं अभियानही चालवलं. आज उपनगरांतल्या मोकळ्या मैदानांत, सोसायट्यांच्या आवारांत असे बाजार ठरलेल्या वारी भरतात. वार आणि जागा बदलत राहतात, म्हणून निघण्याआधी त्या भागात राहणाऱ्या कुणाला तरी विचारा.

‘शेतकरी बाजार’ असा फलक आहे म्हणून मांडवाखालचा प्रत्येक जण शेतकरी असतो असं नाही. आत्याची परीक्षा सोपी होती. ज्याच्यापुढे तीन-चारच भाज्या आहेत, त्यातली एखादी भरपूर आणि बाकीच्या थोड्या, तो बहुधा स्वतःच्या रानातलं घेऊन आलाय. ज्याच्याकडे पंचवीस प्रकार आहेत आणि भर पावसाळ्यात सफरचंदंही आहेत, त्याने माल यार्डातून उचललेला असणार. मधला एक प्रकार आहे तो शेतकरी गटांचा आणि उत्पादक कंपन्यांचा: पाच-दहा जणांचा माल एकाच टेम्पोतून येतो आणि त्यातला एक जण विकायला बसतो. मला हा प्रकार पूर्ण रास्त वाटतो. सगळ्यांनीच रान सोडून पुण्यात बसायचं तर शेतात कोण राबणार?

म्हणून सरळ विचारावं. आम्ही एका तरुणाला विचारलं, “दादा, हे सगळं तुमच्याच शेतातलं का?”

“गवार आणि कोथिंबीर आमची, ताई. टोमॅटो गटातल्या एका काकांचा आहे, आणि ही काकडी शेजारच्या गावातली.”

इतकं नेमकं उत्तर मिळालं की मी बिनधास्त घेते. पुढचा प्रश्न विचारायचा तो तोडणी कधी केली याचा आणि शेवटची फवारणी कधी मारली याचा. खऱ्या शेतकऱ्याला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट तो सविस्तर सांगत बसतो. फलकावर ‘सेंद्रिय’ लिहिलं असेल तर प्रमाणपत्र आहे का हेही विचारावं. शब्द लिहायला कुणालाही येतो. वजनकाटा शून्यावर आहे ना, एवढं पाहिलं म्हणजे झालं. बाजार उठायच्या वेळी भाव उतरतात खरे, पण पालेभाजी तोवर माना टाकते. मेथी-पालक घ्यायचा तर सुरुवातीलाच जा, दुधी-भोपळ्यासाठी शेवटी गेलात तरी चालतं.

मला सर्वांत आवडला तो मांजरीचा उपबाजार, हडपसरच्या पुढे. इथे शेतकरी स्वतः आपला माल घेऊन उभा असतो आणि शहरातले किरकोळ विक्रेते त्याच्याकडून घेतात. ज्या फुल्यांचं नाव मंडईला आहे त्यांची स्वतःची शेती याच मांजरीत, कालव्याच्या पाण्यावर होती, हे ठाऊक असल्यामुळे मला तिथे उभं राहताना भरून आलं. आम्ही गेलो तेव्हा दुपार कलली होती. दुचाकीला दोन्ही बाजूंनी गाठोडी बांधून लोक येत होते, कोथिंबिरीच्या जुड्यांवरून पाणी निथळत होतं. सौदे चालू असताना ‘मला दोनच जुड्या द्या’ म्हणत मध्ये शिरू नका, शेतकऱ्याचा तो कमाईचा क्षण असतो. आम्ही कडेला थांबलो, मोठे सौदे आटपू दिले आणि मग एका काकांकडून उरलेल्या मेथीच्या वीस जुड्या घेतल्या. त्या जुड्या आमच्या वाड्यात सगळ्यांना वाटल्या. एकट्या घरासाठी हा बाजार सोयीचा नाही, पण शेजारपाजार मिळून जाणार असाल तर अशी ताजी पालेभाजी शहरात मला कुठेच मिळालेली नाही.

शेवटचा टप्पा दिवे घाट चढून सासवडकडे. घाट संपल्यावर दिवे गावापासूनच रस्त्याच्या कडेला मालाच्या पाट्या मांडलेल्या दिसतात: या दिवसांत सीताफळ आणि मटार, हिवाळ्यात आणि पुन्हा उन्हाळ्यात अंजीर. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. अंजीर घ्यायला गेलात तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी खाल तेवढेच घ्या, त्यापुढे ते तग धरत नाही. सीताफळ मात्र डोळे उघडलेलं (खवल्यांमधल्या खाचा रुंदावलेलं) पण हाताला टणक असं निवडा, घरी एक-दोन दिवसांत पिकतं. एकाच दिवशी सगळी पिकू नयेत म्हणून थोडी कमी-जास्त तयार असलेली मिसळून मागितली, तर विकणाऱ्या ताईंनी पाटीतून एकेक चाचपून आनंदाने काढून दिली. पिकलेलं सीताफळ फ्रीजमध्ये ठेवता येतं, कच्चं ठेवू नका, ते काळं पडतं आणि पिकत नाही. मटार शेंगेसकट घ्या, दाणा कोवळा आहे का ते एक शेंग फोडून पाहू देतात.

सासवडला पीएमपीच्या बस जातात, पण फळांच्या पाट्या घेऊन बसमध्ये उभं राहणं अवघड, म्हणून इथे स्वतःची गाडी बरी. कापडी पिशव्यांखेरीज एक-दोन क्रेट सोबत असू द्या, सीताफळं पिशवीत चेपतात. फोनवरून पैसे बहुतेक ठिकाणी घेतात, तरी रानभाज्यावाल्या मावशींसाठी सुट्या नोटा लागतातच. परतताना दिवे घाटात ट्रकांची रांग लागलेली असेल तर बोपदेव घाटाने कोंढव्यात उतरा. तो रस्ता वळणाचा आहे आणि पावसात धुकं उतरतं, म्हणून अंधार पडायच्या आत घाट ओलांडा.