चंदेरी रंगाखालचा ड्रम

जुलैतली दुपार होती आणि बाहेर पाऊस धरून बसला होता. काकूंनी माझ्या दुरुस्तीच्या बेंचवर बेडशीटचं गाठोडं ठेवलं. गाठ सोडली तर आत साइड ड्रम, अख्खा चंदेरी. क्रोमची चमक वेगळी, हा ग्रिलला मारतात तो अॅल्युमिनियम पेंट होता. कवच, रिंगा, बोल्ट, खालच्या तारा आवळायचा खटका, कंपनीचा बिल्लासुद्धा एकाच ब्रशने रंगवलेला. ब्रशचे दोन केस रंगात अडकून तसेच वाळलेले.

"आमच्या मामंजींचा," काकू म्हणाल्या. "लालबागच्या बँडमध्ये वाजवायचे. गोव्याच्या एका तारवट्याकडून, बोटीवरच्या खलाशाकडून, घेतला होता म्हणे."

सोबत भाचा होता, त्याचा अभ्यास पक्का होता. "लुडविग सुप्राफॉनिक आहे काका. साठ-एकसष्टचा, पितळेचा. मी फोटो ताडून बघितलेत. चुंबकही चिकटत नाही."

लुडविग ही अमेरिकन ड्रम कंपनी, सुप्राफॉनिक तिचा नावाजलेला मॉडेल. चुंबक चिकटत नाही, एवढ्यावरून लोक पितळ ठरवून मोकळे होतात. अॅल्युमिनियमलाही तो चिकटत नाही. मी ड्रम उचलला आणि पितळ नाही हे हातालाच कळलं. त्याच आकाराचं पितळ तिपटीने जड भरतं. पण तोंड उघडलं नाही. माणूस इतकं बांधून आणतो तेव्हा पहिल्याच मिनिटाला त्याचं स्वप्न मोडायचं नसतं.

लग मोजले, म्हणजे कवचावरचे बोल्ट धरणारे तुकडे. आठ. सुप्राफॉनिकला दहा असतात, लांबट, मधे रेघा असलेले. हे लहान होते, मधोमध चिमटलेले, बो-टायसारखे. भाच्याने ताडलेल्या फोटोत लग मोजता आले असते, पण फोटोत आपण चमकच बघतो.

मग पान, म्हणजे ज्यावर काठी पडते तो पडदा, काढून कवचाच्या आतून बोट फिरवलं. ही तपासणी मला सगळ्यांत आवडते, कारण इथे डोळा फसला तरी बोट फसत नाही. आपल्याकडच्या पत्र्याच्या साइड ड्रमला कुठेतरी जोड लागतोच, झाळलेला किंवा रिव्हेट मारलेला. इथे पूर्ण फेरी झाली तरी बोट कुठे अडलं नाही. मधोमध गोल फुगवटा होता, म्हणजे लुडविगचं अखंड कवच. आतल्या बाजूला रंग पोचलाच नव्हता, आणि तिथे राखाडी, बारीक ओरखड्यांची मंद झाक होती. अॅनोडाइझ केलेलं, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर टणक थर आणलेलं अॅल्युमिनियम. माझं नव्वद टक्के काम तिथेच झालं. हा अॅक्रोलाइट होता, लुडविगचाच साधा मॉडेल.

उरलेले दहा टक्के बिल्ल्याखाली. कापसाची काडी, थोडं थिनर आणि भरपूर चहा. कॉस्टिक घातलं असतं तर रंग पाच मिनिटांत गेला असता, पण त्याबरोबर अॅल्युमिनियमही खाल्लं गेलं असतं. सँडपेपर तर बिल्ल्याच्या जवळही आणायचा नाही. पाऊण तासाने कीस्टोनच्या, म्हणजे कमानीच्या माथ्यावरच्या दगडाच्या, आकाराचा पितळी बिल्ला वर आला आणि त्यावर सहा आकडी नंबर. लुडविगने नंबर घालायला सुरुवात केली १९६३ च्या अखेरीस, आणि हा बिल्ला सत्तरच्या आगेमागे बंद होऊन निळा-हिरवट बिल्ला आला. म्हणजे साठच्या दशकाचा मधला किंवा शेवटचा काळ. नंबरावरून नेमकं वर्ष काढायचा मोह होतो, पण कारखान्यात बिल्ले डब्यातून हाताला येतील तसे लावले जात. नंबर अंदाज देतो, जन्मदाखला नाही.

बिल्ला उगाच नंतर बसवलेला नाही ना, हेही बघावं लागतं. तो ज्या पोकळ रिव्हेटने धरलेला असतो तीच हवा बाहेर जायची वाट असते. रिव्हेट एकदा काढला की पुन्हा तसा मुडपता येत नाही, आतून त्याची कड सांगून टाकते. इथली कड एकसारखी गोल होती. बिल्ला जागचाच होता.

"म्हणजे सुप्राफॉनिक नाही?" भाच्याने विचारलं.

"नाही. कवच मात्र त्याच जातीचं. हा शाळेतल्या मुलांसाठी काढलेला मॉडेल, पेटी, स्टँड, सगळं सोबत मिळायचं." १९६४ च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकन टीव्हीवर आले, त्यांचा ड्रमर रिंगो याच्या मोठ्या ड्रमवरचं लुडविग हे नाव घराघरांत दिसलं आणि शिकागोचा कारखाना रात्रंदिवस चालू लागला, हे मी त्याला सांगितलं, कारण चेहरा फारच पडला होता.

खरं तर त्याने नाराज व्हायचं कारण नव्हतं. पितळेनंतर आलेल्या सुप्राफॉनिकच्या अॅल्युमिनियमवर क्रोम असतं, आणि ते अॅल्युमिनियमवर नीट टिकत नाही. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत त्याला फोड येतात, खाली पांढरी भुकटी धरते आणि क्रोम पापुद्र्यासारखं सुटतं. असे ड्रम मी पाहिलेत, बघवत नाहीत. अॅक्रोलाइटच्या कवचावर क्रोमच नव्हतं, मग सुटणार काय? स्वस्त म्हणून काढलेला मॉडेल इथल्या हवेत जास्त धड राहिला.

आता मूळ भाग किती, हा प्रश्न. सोळा बोल्टांपैकी अकरा मूळचे, चौकोनी डोक्याचे, ड्रमची चावी बसणारे. पाच षटकोनी, बहुतेक मेरठकडच्या बँडच्या ड्रमचे. अमेरिकन ड्रमचा आटा बारा-चोवीसचा, म्हणजे बारा नंबर जाडी आणि इंचाला चोवीस फेरे. वेगळ्या आट्याचा बोल्ट दोन फेरे जातो आणि मग रुसतो. तो पान्याने जबरदस्ती आवळला गेला असणार, कारण दोन लगांमधल्या पितळी नटांचे आटे गुळगुळीत झाले होते. खालची रिंगही परकी. तारा बाहेर यायला जी खाच लागते ती करवतीने कापलेली, कड अजून टोचत होती. खटका मूळचा, लुडविगचा पी-८३ मॉडेल, पण दांडी मोडलेली आणि बारीक पितळी तारेने इतक्या नीट गुंडाळलेली की मला ती तार उलगडवेना. तारांचं दुसरं टोक धरणारा तुकडा कुठल्यातरी लेथवर, जाड पितळी पट्टीतून घडवलेला.

इथे मी थांबलो. तो तुकडा जुन्याच दोन भोकांत बसवला होता. मूळच्या भोकांचं अंतर मोजून पट्टीला भोकं पाडली होती, कवचाला नाही. मिरवणुकीत गळ्यात अडकवायची कडीही तशीच, एका बोल्टाखाली वॉशरसारखी दाबून बसवलेली. अख्ख्या कवचावर एकही नवं भोक नव्हतं. जुन्या ड्रमचा जीव त्यातच असतो. बोल्ट मागवता येतात, रिंग मिळते, पाडलेलं भोक बुजत नाही.

"हे काम कोणी केलं?" मी विचारलं.

काकू हसल्या. "मामंजींनीच. आमच्या चाळीखाली लेथवाला होता, त्याच्याकडे जाऊन बसायचे. आणि गणपतीआधी रंगाचा एक हात दरवर्षी. डबा धरायला मी."

खटक्याजवळ रंग खरवडला होता तिथे थर दिसत होते. मी सात मोजले, त्याखाली अजूनही असावेत.

भाच्याला रंग पूर्ण उतरवून हवा होता, विकायला सोपं पडेल म्हणून. त्याचं चूक नव्हतं, बाजारात हा ड्रम स्वच्छच हवा असतो. काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, कवच साफ करा, पण ती तार आणि तो पितळी तुकडा राहू द्या.

दोन आठवडे लागले. नट बदलले, पाच बोल्ट मागवले, वर-खाली नवी पानं चढवली. खालची रिंग तीच ठेवली, फक्त करवतीची कड कानशीने बोथट केली. ड्रम न्यायला काकू एकट्याच आल्या. मी काठीने एक रोल वाजवला. आवाज कोरडा, चटकदार, शेवटपर्यंत स्पष्ट.

काढलेले पाच बोल्ट मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिले. काकूंनी ड्रमच्या आधी ती पिशवी उघडली आणि बोल्ट मोजले.