जॅमर स्वतः लपतो का?

रेडिओचं वेड असलेल्या माणसाला हा प्रश्न हमखास येतो: "शत्रूचं रडार आंधळं करणारं विमान, म्हणजे जॅमर, स्वतः तरी सुरक्षितच असणार ना?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बहुतेकदा उलटच असतं. अंधारात ओरडणाऱ्याचा ठाव आधी लागतो.

अपवाद 'विंडो' नावाच्या युक्तीचा. 24 जुलै 1943च्या रात्री हॅम्बुर्गवर निघालेल्या ब्रिटिश बॉम्बर्सनी ॲल्युमिनियम लावलेल्या कागदी पट्ट्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे खाली सोडले. जर्मनांच्या वुर्झबुर्ग रडारची तरंगलांबी साधारण 53 सेंटीमीटर, म्हणून पट्टी तिच्या निम्मी, 27 सेंटीमीटरची. पडदे खोट्या प्रतिध्वनींनी भरून गेले. 791 विमानांपैकी 12च पडली. गंमत म्हणजे ही युक्ती जर्मनांनाही ठाऊक होती. समोरचा उचलेल या धास्तीने दोघेही ती दडवून बसले होते! पण पट्टी स्वतः काही बोलत नाही, आलेली लहर परत फेकते, एवढंच.

बोलणारी विमानं होती इंग्लंडातल्या लडफर्ड मॅग्ना तळावरच्या ब्रिटिश 101 स्क्वॉड्रनची. ऑक्टोबर 1943 पासून त्यांच्या लँकेस्टर बॉम्बर विमानांमध्ये नेहमीच्या सातांसोबत जर्मन समजणारा आठवा माणूस बसू लागला. त्याच्याकडच्या जॅमिंग यंत्राचं नाव 'एअरबोर्न सिगार'. छोट्या पडद्यावर सिग्नल उमटला की तो कान लावायचा, जमिनीवरून रात्रीच्या लढाऊ विमानांना मिळणारा हुकूम खरा आहे ना हे ताडायचा, आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर आपला ट्रान्समीटर लावून गोंगाट सोडायचा. यातले काही जण जर्मनीतून पळून आलेले ज्यू होते. पकडले गेले तर काय, हे वेगळं सांगायला नको. आणि विमानात बॉम्बही असायचेच!

या स्क्वॉड्रनने हजाराहून जास्त माणसं गमावली. सगळा दोष ट्रान्समीटरला देणं मला पटत नाही. बाकीच्यांना आलटूनपालटून विश्रांती मिळे, यांना मात्र जवळपास प्रत्येक मोठ्या हल्ल्यात जावं लागे.

तरी लहरी सोडणं किती महागात पडतं, त्याचा पुरावा 13 जुलै 1944ला आपणहून आला. वाट चुकलेलं एक जर्मन युंकर्स 88 इंग्लंडात वुडब्रिजला उतरलं. त्यात 'फ्लेन्सबुर्ग' नावाचा रिसीव्हर सापडला. मागून येणाऱ्या शत्रूची सूचना द्यायला ब्रिटिश बॉम्बर्सच्या शेपटीत 'मोनिका' रडार बसवलेलं असे. हा रिसीव्हर तिच्याच लहरींचा माग काढत यायचा. चाचण्या झाल्या, खात्री पटली, आणि मोनिका काढून टाकायचा हुकूम सुटला.