आमची वाटचाल : लख्ख स्पंजापासून मळकट स्पंजापर्यंत

दोघं जण, दोन बादल्या आणि सायफनची एक नळी. घरोघरी जाऊन माशांचे टँक साफ करून द्यायचे, इथून आमची सुरुवात झाली. चोख काम म्हणजे सगळं लख्ख, एवढंच तेव्हा कळत होतं. काचा पुसायच्या, खडी धुवायची, फिल्टरमधला स्पंज नळाखाली धरून नितळ पाणी येईपर्यंत पिळायचा.

एका घरी अशीच सफाई केली आणि तिसऱ्या दिवशी फोन आला. जाऊन पाहिलं तर पाणी आरशासारखं स्वच्छ, पण मासे वर येऊन धापा टाकत होते. कल्ले लालभडक. टेस्ट किटच्या नळीत थेंब टाकले. रंग पिवळा राहायला हवा होता, तो हिरवा झाला. अमोनिया. लगेच निम्मं पाणी बदललं, तरी चार मासे गेले. चूक आमची होती, आणि त्या घरच्यांना आम्ही तसं सांगितलं.

मग वाचायला बसलो. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेल्या खाण्यातून आणि विष्ठेतूनही तो तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात; ते मीडियाला (फिल्टरमधल्या स्पंज, रिंगांसारख्या भरावाला), खडीला चिकटून राहतात. नव्या टँकमध्ये त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारक. म्हणजे महिन्या-दीड महिन्याची कमाई आम्ही पाच मिनिटांत नळाखाली घालवत होतो.

तेव्हापासून पाणी बदलताना टँकमधलंच पाणी बादलीत घेतो आणि स्पंज त्यात तीन-चार वेळा दाबतो. पाणी चहाच्या रंगाचं होतं. स्पंज तपकिरीच राहतो, तो तसाच हवा. त्यातून पाणी मोकळं वाहतंय ना, तेवढं बघायचं. फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंगांना, म्हणजे जिवाणू राहतात त्या सच्छिद्र कड्यांना, प्रवाह मंदावल्याशिवाय हात लावत नाही, आणि स्पंज धुतला त्या दिवशी तर नाहीच.

पुढे मीडिया विकायला लागलो. लोक सगळ्यात भारी रिंग मागतात. आम्ही आधी विचारतो, मासे किती आणि फिल्टर कोणता? कारण मांडणी चुकली की भारी रिंगही वाया जाते. आधी जाड स्पंज, मग बारीक, मग रिंग. क्रम उलटला की रिंगांची छिद्रं गाळाने बुजतात. बऱ्याचशा कॅनिस्टरमध्ये, म्हणजे टँकबाहेर ठेवायच्या डबाबंद फिल्टरमध्ये, पाणी खालून वर चढतं, त्यामुळे जाड स्पंज तळाशी हवा; तो वर ठेवलेला आम्ही कितीतरी घरांत पाहिलाय. कार्बन, म्हणजे पाण्यातली द्रव्यं शोषून घेणारा कोळसा, सरसकट देत नाही. औषधोपचार संपल्यावर उरलेलं औषध काढायला किंवा लाकडामुळे आलेला पिवळेपणा घालवायला तो उत्तम, पण काही आठवड्यांत त्याची ताकद संपते. औषध चालू असताना तर तो बाहेरच हवा, नाहीतर औषधच शोषून घेतो.

दर महिन्याला फिल्टरचं अख्खं कार्ट्रिज, म्हणजे मीडिया भरलेला तयार संच, बदलून द्यायची योजना आम्ही बंद केली. उत्पन्न घटलं. पण कार्ट्रिजबरोबर जिवाणूही कचऱ्यात जात होते, हे कळल्यावर ते विकवेना.

आता आमच्या मोठ्या टँकमध्ये जास्तीचे स्पंज कायम चालू असतात. त्या टँकमध्ये नवे मासे सोडत नाही, म्हणजे रोग शिरायला नको. कोणी नवा टँक मांडला की आमच्या टँकमधला एक मळकट स्पंज तिथल्याच पाण्यासकट पिशवीत बांधून देतो आणि बजावून सांगतो : घरी गेल्या गेल्या फिल्टरमध्ये लावा, सुकू देऊ नका.