डाव्या हाताचं अक्षर

१९ जून २०२५, गुरुवार

संध्याकाळी चिन्नाला किराणा आणायला पाठवलं. चिठ्ठीत सहा जिन्नस होते, पिशवीत तीन आले. मीठ, हळद, साखर. बाकीचं कुठंय म्हटलं तर म्हणे, संपलंय. सोलापुरात शेंगदाणे संपले? मी तशीच चप्पल सरकवून दुकानात गेले. मामांनी चष्मा दुरुस्तीला टाकलेला. “मला दिसंना म्हणून त्यालाच म्हटलं, वाच की बाळा. त्यानं वाचलं तेवढं बांधून दिलं,” म्हणाले.

राहिलेले जिन्नस होते शेंगदाणे, मोहरी आणि खोबरेल.

चिन्ना माझ्या धाकट्या जावेचा मुलगा. घरात सगळ्यात लहान म्हणून चिन्ना. सोमवारी सहावीत गेला. मी त्याची पेद्दम्मा, म्हणजे मोठी काकू, डी.एड. झालेली, नोकरी कधी न लागलेली, आणि रोज संध्याकाळी ओसरीत आठ पोरांची शिकवणी घेणारी. त्या आठांत तोही बसतो, मागं, भिंतीला टेकून. वही पूर्ण असते. फळ्यावरचं उतरवून घेण्यात त्याच्याइतका हुशार कोणी नाही. मी खूश असायचे.

रात्री जेवणं झाल्यावर त्याला घेऊन बसले. दुसरीचं जुनं पुस्तक काढलं. अक्षरं सगळी येतात. दोन अक्षरी शब्द येतात. वेलांटी-उकार आला की पहिल्या अक्षरावरून अंदाज करतो. ‘पायरी’ला म्हणाला ‘पाणी’. ‘मगर’ला ‘मग’. जोडाक्षर आलं की माझ्या तोंडाकडं बघतो, माझे ओठ हलतात का ते. म्हणजे इतकी वर्षं हा वाचत नव्हता, बघत होता. वर्गात सगळी पोरं एका सुरात धडा म्हणतात, त्यात त्याचाही आवाज मिसळत असणार.

जाऊ आत विड्या वळत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं नाही, मान वर केली नाही, पण हात थांबलेला मी पाहिला.

२२ जून, रविवार

झोप नीट नाही. हिशोब मांडत बसले.

चिन्नाचं नाव पहिलीत घातलं जून २०२० ला. पहिलीचा पहिला दिवस त्याच्या आयुष्यात आलाच नाही. दप्तर आणलेलं, बूट आणलेले. बूट तसेच लहान झाले. एप्रिल २०२१ मध्ये सरकारनं जाहीर केलं की पहिली ते आठवी सगळे परीक्षेविना वरच्या वर्गात. पोरगा दुसरीत गेला. राज्यात शहरांमधल्या लहान वर्गांना परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून, जानेवारीत ओमायक्रॉन आला आणि पुन्हा कुलूप. रोज घंटा, रोज बाई, रोज बाक असं सलग सुरू झालं तेव्हा हा तिसरीत होता. तिसरीच्या पुस्तकात बाराखडी नसते. ती येते असं धरूनच पुस्तक सुरू होतं.

आणि त्या दीड-दोन वर्षांत शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज त्याचा गृहपाठ जात होता. तारीखवार, समासासकट. कोणी लिहिला?

मी लिहिला.

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. वहीत लिहून टाकते. घरात फोन एकच, तो दिरांबरोबर टॉवेलच्या कारखान्यात जायचा, यायचा रात्री आठला. लॉकडाऊनच्या सुरुवातीला कारखानाही बंद, विडीचं कामही बंद, तेव्हा फोन घरात असायचा पण रिचार्जला पैसे नव्हते. नंतर काम सुरू झालं तर फोन गेला. रात्री नेटवर्क मिळालं की दिवसभराचा अभ्यास एकदम पडायचा. पोरगं तोवर झोपलेलं. बाईंचा मेसेज, ‘आजचा अभ्यास न पाठवलेल्या मुलांची नावे.’ त्या यादीत आमचं नाव नको एवढंच मला कळत होतं. मग मी वही ओढायचे. पहिल्यांदा उजव्या हातानं लिहिलं तर फारच गोल, घोटीव आलं. दुसऱ्या दिवसापासून डाव्या हातानं लिहायला लागले, अक्षर पोराचं वाटावं म्हणून. फोटो काढायचा, टाकायचा. खालून बाईंचा अंगठा यायचा, कधी चांदणी.

बाईंना कळलं नसेल? कळलं असेल. त्यांच्या ग्रुपवर चाळीस मुलं, त्यातल्या निम्म्यांचं अक्षर असंच ‘पोराचं’ असणार. त्यांनाही वर अहवाल पाठवायचा होता. सगळ्यांचे रकाने भरले. मी त्यांना दोष देत नाही, मला तो अधिकारच नाही.

दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर तेव्हा ‘टिलीमिली’ लागायचं, पहिली ते आठवीसाठी. चांगलं होतं, मी दोन-चारदा बघितलं. पण त्या वेळेला टीव्ही सासूबाईंचा. आणि खरं सांगायचं तर रिमोट हिसकावून घेण्याइतकं मला ते महत्त्वाचं वाटलं नाही. शाळा आज ना उद्या सुरू होईल, मग काय, भरून निघेल, असंच सगळे म्हणत होते.

डिसेंबर २०२० मध्ये आपल्या जिल्ह्यातले रणजितसिंह डिसले गुरुजी, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेचे, त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्या रात्री मला रडू आलं होतं, अभिमानानं. पुस्तकातल्या क्यूआर कोडची त्यांची कल्पना साऱ्या जगात गाजली. चिन्नाच्या पुस्तकातही पानापानावर तो चौकोन होता. आमच्या फोनमध्ये अॅप टाकायला जागा नव्हती. आणि चिन्नानं त्या चौकोनांत निळ्या पेनानं डोळे-नाक काढून ठेवलेले.

३० जून, सोमवार

काल सरकारनं पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचे दोन्ही जीआर मागं घेतले. सगळीकडं तीच चर्चा. आमच्या गल्लीत हसू येतं. घरी तेलगू, पलीकडच्या घरात कन्नड, दुकानात हिंदी-मराठी मिसळ. तीन भाषा आम्हाला जन्मतःच. फक्त वाचता एकही येत नाही, ती गोष्ट वेगळी.

पण चेष्टा सोडून, यातली एक गोष्ट मला आता आता उमगते आहे. मराठी घरातल्या पोराची शाळा बंद झाली तर त्याचं वाचन मागं पडलं. आमच्या पोरांची शाळा बंद झाली आणि मराठीच बंद झाली. शहराच्या पूर्व भागातून घरकुल वसाहतीत आलेली आम्ही पद्मशाली, म्हणजे तेलगू बोलणारी विणकर माणसं. सासूबाई बाजारापुरतं मराठी बोलतात, घरात शब्द नाही. नदी ‘ती’, नाला ‘तो’, पाणी ‘ते’, हे तेलगूत कुठंय? नदी, नाला, पाणी तिन्ही एकाच दावणीला. मला हे कोणी नियम म्हणून शिकवलं नाही. पहिलीत माझ्या शेजारी बसणारी मुलगी मी ‘माझा पेन्सिल’ म्हटलं की फिस्सकन हसायची. ती हसली की मी बदलायचे. ‘माझी’. असं दोन वर्षं हसून घेतलं तेव्हा कान तयार झाला.

चिन्नाला हसणारं कोणी मिळालं नाही. सहा ते आठ या वयात त्याच्या कानावर नान्नम्माची, म्हणजे आजीची तेलगू आणि विडीच्या पानांवर चालणाऱ्या कात्रीचा आवाज. आज तो ‘ती पुस्तक फाटला’ म्हणतो आणि वर्गात सहावीची पोरं हसतात. सहाव्या वर्षी हसलं तर मूल शिकतं. बाराव्या वर्षी हसलं तर गप्प बसतं. तो गप्प बसलाय.

शिकवणीतली लहान पोरं मात्र तशी नाहीत. यंदा चौथीत गेलेली दोघं आहेत, त्यांची अंगणवाडी बुडाली पण पहिली बुडाली नाही. ती गडगड वाचतात. चुकतात आणि वाचतात.

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीचे आकडे मी जुन्या डी.एड. मैत्रिणीकडून मागवून घेतले. पाहणी ग्रामीण भागाची, आमचं घरकुल त्यात येत नाही, पण पोरं काही वेगळी नसतात. देशात तिसरीतल्या किती मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो? २०१८ ला २७.३ टक्के, २०२२ ला घसरून २०.५, आणि २०२४ ला परत २७.१. भरून निघालं, असं म्हणायचं. मीही म्हणाले असते. मग बोटावर वर्षं मोजली. २०२२ ला तिसरीत असलेली म्हणजे चिन्नाची बॅच. २०२४ ला तिसरीत असलेली म्हणजे ही गडगड वाचणारी. भरून निघाला तो आकडा. चिन्नाची बॅच २०२४ ला पाचवीत होती, आणि पाचवीतल्या ४८.८ टक्के मुलांना दुसरीचं वाचता येत होतं. उरलेली निम्मी यंदा सहावीत बसलीत. कुठल्यातरी भिंतीला टेकून.

२०२१ च्या जुलैत बुडालेलं भरून काढायला ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला. सेतू चांगलाच होता, पण ४५ दिवसांचा पूल दोन वर्षांच्या पात्रावर कसा पोचणार. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेचं लक्ष तिसरीपर्यंतच्या मुलांवर. तेही बरोबरच आहे, पाया तिथंच पडतो. पण जो तिसरी ओलांडून पुढं ढकलला गेला त्याच्यासाठी फळ्यावर आता अपूर्णांक आहेत.

६ जुलै, रविवार. आषाढी

सगळी गर्दी पंढरपुराकडं. साबुदाणा खाऊन दुपारी सगळे आडवे. मी जावेशेजारी बसले. तिच्याकडं गेले पंधरा दिवस बघायची सोय नव्हती. मीच म्हटलं, “तेव्हा त्याचा अभ्यास मीच लिहायचे.” ती म्हणाली, “ठाऊक आहे की अक्का. पेन डाव्या हातात धरलेलं दिसायचं. मला वाटलं, शिकलेल्या माणसांची काहीतरी पद्धत असेल.”

यावर काय बोलणार. दोघी हसलो. मग ती हसायची थांबली.

चिन्ना तिथंच बसून विड्यांची बंडलं मोजत होता. पंचवीसचं एक बंडल. “किती झाली रे?” “सव्वीस बंडलं. साडेसहाशे.” बघताही न बघता. “हजाराला किती राहिली?” “चौदा.” मी वहीवर ‘२५ × १४’ लिहून पुढं केलं. गणित बघितल्याबरोबर त्याचा चेहरा पडला. “हे नाही येत पेद्दम्मा.” “आत्ता सांगितलंस की चौदा बंडलं राहिली. त्यात विड्या किती?” “साडेतीनशे.” मग वहीकडं बघितलं. बराच वेळ. “हे तेच आहे का बे?” मला ‘बे’ म्हणाला, मी ऐकून घेतलं.

त्या दोन वर्षांत तो काहीच शिकला नाही असं नाही. पंचविसाचा पाढा आईच्या सुपाशी बसून शिकला. विडीची तोंडं दुमडायला त्याची बोटं बारीक म्हणून बरी पडत होती, हे लिहायला नको वाटतं, पण तसंच होतं. हजार विड्यांवर मजुरी, आणि घरात खाणारी सात माणसं. आता मी त्याला तिथून उठवते. जाऊही उठवते. तो परत जाऊन बसतो, कारण तिथं त्याला येतं.

११ जुलै, शुक्रवार

आठवडाभर एक प्रयोग. दुसरीचं पुस्तक कपाटात ठेवलं. सहावीतल्या मुलाच्या हातात दुसरीचं पुस्तक बघून ओसरीतली पोरं काय करतील ते मला माहीत आहे. त्याऐवजी तो रात्री माझ्याबरोबर घरातलं वाचतो. वीजबिल. तिखटाचा पुडा. एसटीच्या पाट्या, कुंभारी, वळसंग, अक्कलकोट. ‘अक्कलकोट’ला अडकला, मग म्हणाला, “क दोनदा आहे, म्हणून जड आहे.” जोडाक्षराची इतकी सोपी व्याख्या मला डी.एड.ला कोणी सांगितली नव्हती.

पाच वेलांट्या सुधारल्या, तीन पुन्हा विसरला. काल चिडून वही फेकली. मीही ओरडले. मग दोन तास कोणी कुणाशी बोललं नाही.

आज किराण्याची यादी त्यालाच लिहायला लावली. आई तेलगूत सांगणार, त्यानं मराठीत लिहायचं. जावेनं “पल्लीलु” म्हटलं, त्यानं ‘शेगदाने’ लिहिलं. “आवालु” म्हटलं, त्यानं ‘मोहरी’ लिहिलं, बरोबर. लाल पेनाला हात लावला नाही. मामांचा चष्मा आलाय, त्यांना शेगदानेही कळतील.

मग जाऊ म्हणाली, “मिनपप्पु.” तो लिहिता लिहिता थांबला. उ लिहिला, ड लिहिला, पेन वर धरून माझ्याकडं वळला. या खेपेला ओठांकडं बघितलं नाही.

“पेद्दम्मा, उडीदला पहिली की दुसरी?”

“दुसरी,” म्हटलं. आणि तो पिशवी घेऊन बाहेर पडल्यावर शब्दकोश काढून बघितलं.